टोचलेला चेहरा

नायगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये, बेडरूमच्या कपाटावर, एक प्लास्टिकचा पाइप आहे. प्लंबर वापरतात तसला, दोन्ही तोंडांना बूच लावलेला. दिवाळीची साफसफाई काढली की नवरा दरवर्षी विचारतो, हे काय गं, टाकू का? आणि मी दरवर्षी म्हणते, राहू दे, कामाचं आहे. दहावीला मी गणितात नापास झाले होते हे त्याला माहीत आहे. लग्नाआधी मला कोण आवडायचं तेही माहीत आहे, त्यावरून तो अजून चिडवतो. पाइपात काय आहे ते मात्र माहीत नाही. त्यालाच काय — कुणालाच नाही. आज तुमच्यापुढे पहिल्यांदा ते बूच काढतेय.

आत एक कागद आहे. बटर पेपर, चार पट्ट्या जोडून पलंगाच्या चादरीएवढा केलेला. त्यावर डोंगर आहे, मेंढ्या आहेत आणि चढावर एक म्हातारी आहे. चित्र म्हणावं तर चित्र नाही. चित्राच्या आधीची पायरी. तीसुद्धा अर्धीच.

मी वालीवला एका भरतकामाच्या कारखान्यात होते. खाली कारागीर लाकडी अड्ड्यांवर कापड ताणून जरीचं, रेशमाचं भरत, आणि वरच्या माळ्यावर पार्टिशनमागे आम्ही दोघी — प्रमिलाताई आणि मी. प्रमिलाताई नक्षी काढत. मी टोचत असे. म्हणजे काय, तर कागदावरच्या रेघेवरून बारीक सुईने शेजारी शेजारी भोकं पाडत जायची. मग पेन्सिल खोडून टाकायची, नाहीतर तिचा काळा डाग कापडाला लागतो. असा टोचलेला कागद म्हणजे खाका. तो कापडावर ठेवून वरून राकेलात कालवलेली निळीची पूड फडक्याने घासली की कापडावर ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून कारागीर भरत जातात. सोपं काम आहे. कंटाळवाणं आहे. आणि त्याचा एकच नियम आहे — टोचणारीने रेघ काढायची नाही. काढणारीचा हात जिथे वळला तिथे सुई वळवायची, बस्स.

सहा वर्षं मी दुसऱ्याच्या रेघेवरून सुई वळवली. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये — की सांगतेय? बघा, सुरुवातीलाच घसरले.

प्रमिलाताई आगाशीच्या पुढच्या एका वाडीतल्या. केळी, नारळ, मोगरा, पानवेली — सासर माहेर दोन्ही बागायतदार. शिकल्या कुठेच नव्हत्या. लग्नाच्या रुखवतापासून देवळातल्या रांगोळीपर्यंत हात चालत गेला आणि तोच हात त्यांना वालीवला घेऊन आला. मला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. डब्यातली केळफुलाची भाजी अर्धी माझ्या झाकणात यायची. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी कुंचीवर स्वतः वेल काढून दिली होती. बोलायला तिखट, पण ते कारखान्याच्या शेठशी. माझ्याशी नाही. त्यांनी एकदा जरी मला वाईट वागवलं असतं ना, तर हे सगळं सांगणं किती सोपं झालं असतं.

सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस रोमानियाहून एक ऑर्डर आली. तिथल्या एका बाईंचं बाहुल्यांच्या खेळांचं छोटं थिएटर होतं. त्यांना हाताने भरलेला पडदा हवा होता, आणि पडद्यावर त्यांच्याकडची एक लोककथा. कारखान्यात इंग्रजी जेमतेम येणारी मीच, म्हणून मेल मी वाचायची आणि ताईंना मराठीत सांगायची. गोष्ट अशी — एक म्हातारी असते, सुनेला छळणारी. भर थंडीत सुनेला काळी लोकर देते आणि सांगते, नदीवर जा, पांढरी होईपर्यंत धू, तोवर घरात येऊ नकोस. सून रडत बसते. एका वाटसरूला तिची दया येते, तो लोकर पांढरी करतो आणि तिला एक फूल देतो. ते फूल बघून म्हातारीला वाटतं, अरे, वसंत आला! अंगावर मेंढीच्या कातड्याचे नऊ कोट चढवून ती मेंढ्या घेऊन डोंगराकडे निघते. ऊन पडतं, तिला उकडतं, ती रोज एकेक कोट काढून फेकते. शेवटचा कोट फेकते आणि बर्फ कोसळतो. म्हातारी आणि मेंढ्या जागच्या जागी दगड होतात.

मार्चचे पहिले नऊ दिवस तिकडे या म्हातारीचे मानतात, असंही त्या बाईंनी लिहिलं होतं. त्या दिवसांत हवा सारखी बदलते. आपण आधीच त्या नऊ दिवसांतला एक दिवस आपला म्हणून धरायचा. तो दिवस जसा जाईल तसं आपलं वर्ष. ताईंना हे भलतंच आवडलं. म्हणाल्या, चार तारीख माझी. मी म्हटलं, ताई, वसईत मार्चमध्ये कसली हवा बदलतेय, नऊही दिवस घामच! त्या खूप हसल्या. तेव्हापासून दर चार मार्चला त्या मला बजावून सांगतात की आजचा माझा दिवस छान चाललाय.

तर खाका. ताईंनी पंधरा दिवसांत डोंगर काढला, मेंढ्या काढल्या, चढाच्या वाटेवर एकामागे एक पडलेले कोट काढले — प्रत्येक कोट वेगळा, एकाची बाही उलटी झालेली, एक झुडपाला अडकलेला. मी मागोमाग टोचत होते. राहिला म्हातारीचा चेहरा. तिथे त्या अडल्या. मला वाटत होतं, ही बाई आता गोठणार आहे, तर चेहऱ्यावर यातना हव्यात, कपाळाला आठ्या हव्यात. मी तसं म्हटलंही. ताई म्हणाल्या, नाही गं, तिला कुठे माहितीये गोठणार आहे ते? तिला वाटतंय उन्हाळा आला. ती खुशीत आहे. चेहरा खुशीतला पाहिजे.

मला ते लागलं. का लागलं? एवढं काय त्यात? पण सहा वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी सुचवलं होतं, आणि ते दोन वाक्यांत बाजूला झालं होतं.

त्याच दिवसांत ताईंच्या डोळ्यांतला मोतीबिंदू वाढला होता. कागदावर अगदी वाकून, नाक टेकेल इतकं जवळून काढायच्या. चेहरा त्यांनी कठीण पेन्सिलीने अगदी फिका मांडला आणि ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, चेहरा तेवढा ठेव, मी डोळा चांगला झाला की बघते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दहा दिवसांची तर गोष्ट होती.

पाचव्या दिवशी शेठ वर आले. त्या बाईंना काम कुठवर आलंय ते बघायचं होतं. शेठनी विचारलं, झालं का? आता ऐका — मला कुणी घाई केली नव्हती. शेठ चांगला माणूस, तंबाखू मळत उभा होता. चेहरा बाकी आहे, ताई आल्या की होईल, एवढं म्हटलं असतं तर मान हलवून खाली गेला असता. मी म्हटलं, उद्या देते.

आणि मी तो फिका चेहरा खोडला.

खोडताना भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. माझ्या मनातला चेहरा मी काढला. आठ्या, आक्रसलेले डोळे, वाकडं झालेलं तोंड. दुपारभर काढला. मला तो फार छान वाटला. मग टोचला, मग नेहमीप्रमाणे पेन्सिल खोडली. राहिली फक्त भोकं. आणि भोकांवरून हात कुणाचा हे ओळखता येत नाही. पेन्सिलच्या रेघेवरून ताई आणि मी लगेच वेगळ्या कळलो असतो. टोचलेल्यात सगळं माझ्याच सुईचं, म्हणून सगळं सारखंच. हे मला तेव्हा सुचलं होतं का? नाही, तेव्हा नाही. तीन दिवसांनी सुचलं.

खाली कारागिरांच्या मास्टरने चाचणीसाठी मांजरपाटाच्या तुकड्यावर खाका घासला. शेठनी फोटो काढून पाठवला. मी फोटोकडे नीट बघितलंही नाही, इतकी खात्री होती.

सोमवारी उत्तर आलं. शेठनी मला खाली बोलावून सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मेल फार सभ्य होता. बाकीचं काम अप्रतिम आहे, पण ही माझ्या आजीच्या गोष्टीतली म्हातारी नाही, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. आमची म्हातारी शेवटपर्यंत हसत असते. तूर्त आपण इथेच थांबू.

मी वाचून वर पाहिलं, तर मांजरपाटाचा तुकडा दोरीवर टांगला होता. पहिल्यांदा तो लांबून दिसला. एक डोळा वर, एक खाली. ओठ एका बाजूला ओढलेले. मास्टर मान तिरकी करून बघत म्हणाला, "बुढिया का दाँत दुख रहा है क्या?" आणि सगळा कारखाना हसला. एकाने गालावर हात धरून नक्कल केली, अगदी हुबेहूब. मीसुद्धा हसले. हसले मी!

तेवढ्यात प्रमिलाताई दारात आल्या. सुट्टी संपली नव्हती. मुलगा वालीवला कामाला येत होता, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या होत्या, नवा डोळा कसा दिसतो ते दाखवायला. काळा चष्मा, हातात कारागिरांसाठी केळ्यांची फणी. हसू ऐकून त्याही हसत आत आल्या. मग हसू थांबलं. शेठ अवघडून म्हणाले, "ताई, असं कसं झालं ओ? ऑर्डर गेली ना."

ताईंनी चष्मा काढला. दोरीवरच्या तुकड्याजवळ गेल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "शुभा, मी चेहरा कच्चा ठेवला होता ना गं?"

तो क्षण मी हजार वेळा परत जगले आहे. दार उघडं होतं. त्यांनी स्वतःच उघडून दिलं होतं. हो ताई, कच्चाच होता, हा मी काढला — एवढंच बोलायचं होतं. काय झालं असतं? शेठ ओरडले असते. कारागीर आठवडाभर गालावर हात धरून फिरले असते. ताई रागावल्या असत्या, बोलल्याही असत्या, आणि चार दिवसांनी केळफुलाची भाजी परत माझ्या झाकणात आली असती. पण त्या घडीला मला एकच दिसत होतं — हे सगळे ज्या चेहऱ्याला हसले तो माझा आहे, आणि हे आता कुणालाही कळता कामा नये.

मी म्हटलं, "तुम्ही काढला होता तसाच टोचला, ताई."

'तसाच' हा शब्द मी मुद्दाम घातला. शांतपणे घातला. त्यांना मोतीबिंदू होता, शेवटचे दिवस त्या धुक्यातच काढत होत्या, हे मला माहीत होतं. त्या माझ्यावर नाही, स्वतःवरच संशय घेतील हेही मला माहीत होतं. आणि त्यांनी तसंच केलं. चष्मा परत लावला. म्हणाल्या, "म्हणजे मला दिसत होतं ते असं नव्हतंच." केळ्यांची फणी टेबलावर ठेवली. शेठना म्हणाल्या, माझी चूक झाली. शेठ बिचारे म्हणाले, अहो डोळ्याचंच ना, आता बरं होईल. त्या म्हणाल्या, होईल.

त्या परत कामाला आल्या नाहीत. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे लख्ख झाले, तरी नाही. शेठनी दोनदा निरोप पाठवला. घरीही त्यांनी पुन्हा पेन्सिल धरली नाही. त्या वर्षी फराळाला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने मला सांगितलं, यंदा दिवाळीला दारात ठिपक्यांची रांगोळीसुद्धा आई काढत नाहीत, म्हणतात तू काढ. मी चकलीचा तुकडा मोडला.

शेठ खाका रद्दीत टाकत होते. मी म्हटलं, मला द्या, आठवण म्हणून. आठवण कसली? भीती होती मला. बटर पेपरवर कठीण पेन्सिल चालली की खोडल्यावरही तिचा वळ राहतो. उद्या कुणी कागद उजेडात धरला असता तर? म्हणून तो पाइपात गेला. पुढे वर्षभराने मीही कारखाना सोडला. आता घरी ब्लाउजवर आरीवर्कचे क्लास घेते. मुली विचारतात, मॅडम, तुम्ही शिकलात कुठे? मी ताईंचं नाव सांगते. सांगताना दर वेळी वाटतं, आता कुणीतरी पुढचं विचारणार.

भीती काही गेलेली नाही. ताईंचा फोन आला की मी उठून उभी राहते; त्या केळी घेऊन जा म्हणतात, आणि मी तरीही त्यांचं बोलणं संपेपर्यंत उभीच असते. त्यांना कळलं तर काय, ही एक भीती. आणि त्यांना कधीच कळलं नाही तर — ही दुसरी. दुसरी हल्ली जास्त मोठी झालीये. त्या आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

दर चार मार्चला मी आगाशीला जाते. त्याच बोलावतात, ये गं, माझा दिवस आहे. यंदाही गेले. नायगावहून निघाले तेव्हा ऊन होतं, पोचले तेव्हाही ऊन. ताई पडवीत बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवत होत्या. चष्मा नाही. बोलता बोलता दोरा संपला, तशी त्यांनी सुई वर धरली आणि एका फटक्यात नवा दोरा ओवला. मी बघत राहिले. बोटं इतकी स्थिर की कळी देठाच्या बरोबर मध्यावर टोचली जात होती, एकही तिरकी नाही. मी टोचायचे त्याहून नेटकी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, हात तर तसाच आहे की तुमचा!"

त्या हसल्या. म्हणाल्या, "हात आहे गं. हाताला काय झालंय? पण कागद पुढे घेतला ना की ती बाई आठवते. मी मनात तिला हसरी काढली होती, शुभा. मला हसरीच दिसत होती. आणि कागदावर ते तसलं निघालं, नि मला कळलंसुद्धा नाही. मग आता जे चांगलं दिसेल ते चांगलंच आहे, हे कुणाला विचारू?"

नात अंगणात खडूने काहीतरी गिरगटत होती. धावत आली आणि म्हणाली, "आजी, हे बघ, घोडा बरोबर झालाय का?" ताई म्हणाल्या, "शुभाआत्याला विचार, बाळा. तिची नजर चांगली आहे."

मी उठले. अंगणात गेले. घोडा बघितला. म्हटलं, छान झालाय.

ताईंनी गजरा माझ्या केसांत माळला. निघताना केळी दिली. घरी आले, नवरा अजून यायचा होता, मुलगी क्लासला गेली होती. सात वर्षांत पहिल्यांदा पाइपाचं बूच काढलं. कागद खिडकीच्या काचेवर धरला, हळूहळू तिरका केला. माझी भोकं उजेडात ठळक दिसली. वाकडं तोंड, आठ्या, सगळं. आणि त्याच्या खाली, अगदी पुसट, पेन्सिलचे वळ. ताईंचा चेहरा. धुक्यातून, नाक टेकवून काढलेला. दोन्ही डोळे एका ओळीत. गाल वर आलेले. मान जराशी मागे, ऊन तोंडावर घेतल्यासारखी. म्हातारी हसते आहे. कुठेही चूक नाही. एकही रेघ हललेली नाही.

त्यांना हसरी दिसत होती, कारण त्यांनी ती हसरीच काढली होती.

कागद गुंडाळून पाइपात घातला. बूच लावलं. पाइप कपाटावर ठेवला. केळी फडताळात ठेवली.

गोष्टीतली म्हातारी निदान दुष्ट होती. फुलाने तिला फसवलं तेव्हा कुणाला वाईट वाटलं नसेल. प्रमिलाताईंनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. तो चेहरा मी काढला, मी टोचला, आणि तुमचा आहे म्हणून त्यांच्या अंगावर टाकला. हे तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही सांगितलं. पुढच्या चार मार्चला त्या मला बोलावतील, आजचा दिवस छान गेला म्हणतील, आणि मी हो म्हणेन.